पहिला रेसिंग ड्रोन बांधताय? मग पार्ट पडण्याच्या हिशोबाने निवडा

पहिला रेसिंग ड्रोन पडतोच. झाडात अडकतो, बांधावर आदळतो, गोलपोस्टला धडकतो. म्हणून पार्ट निवडताना ‘हा किती वेगाने पळेल’ हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. दोन गोष्टी विचारा. पडल्यावर यातलं काय तुटेल? आणि तुटलेला तोच पार्ट नाशकात बसून किती दिवसांत हाती येईल? या दोन्हींची उत्तरं ज्या पार्टबद्दल पटकन देता येतात, तो भरवशाचा. मग त्यावर नाव कुणाचंही असो.

माझं अंबड एमआयडीसीत सीएनसी मशिनच्या ड्राइव्ह आणि कंट्रोल कार्ड दुरुस्तीचं काम आहे. ड्रोन हा रविवारचा नाद. शनिवारी संध्याकाळी इंजिनिअरिंगची पोरं जळलेली कार्डं घेऊन येतात, ‘ताई, एकदा बघा ना’ म्हणतात. त्यांच्या कार्डांवर जे दिसतं ते मी कामात रोज पाहते. प्रोसेसर क्वचित जातो. बॅटरीच्या वायरीपासून मोटरपर्यंत करंट ज्या वाटेने जातो, त्या वाटेवर भानगडी होतात: कनेक्टर, सोल्डरचा जॉइंट, कपॅसिटर, मॉस्फेट (मोटरचा करंट चालू-बंद करणारा स्विच), मोटरची वाइंडिंग. पोरांची यादी मात्र उलटी असते. कॅमेरा कुठला आणि फ्रेमचा रंग कोणता यावर आठवडाभर चर्चा, आणि कपॅसिटर ‘सोबत येईल तो’.

पैशांची वाटणी आधी ठरवा. जे जमिनीवर राहतं ते चांगलं घ्या, कारण रिमोट, चार्जर, गॉगल (ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र डोळ्यांसमोर दाखवणारा) आणि सोल्डरिंग आयर्न चार ड्रोन मोडले तरी तुमच्याकडेच राहणार आहेत. जे हवेत जातं ते मधल्या दर्जाचं, पण दोन-तीन भारतीय दुकानांत स्टॉकमध्ये असलेलं घ्या. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोन आयात करायला बंदी आहे. सुटे भाग त्या बंदीत नाहीत. पण बाहेरून मागवलेला एकुलता एक आर्म (फ्रेमचा मोटर बसते तो हात) कस्टममध्ये अडकला, तर तेवढे दिवस ड्रोन कपाटात. म्हणून एखादी फ्रेम आवडली की आधी तिचा सुटा आर्म इथे मिळतो का ते शोधा. मिळत नसेल तर ती फ्रेम सोडून द्या.

सुरुवात रिमोटपासून. रिमोट आणि रिसीव्हर एक्सप्रेसएलआरएस या रेडिओ प्रणालीचा, २.४ गिगाहर्ट्‌झचा घ्या. याच प्रणालीचे ९०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचे संचही विकायला दिसतात. आपल्याकडे त्या भागात परवान्याशिवाय मोकळा असलेला पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा आहे, त्यामुळे ९१५ चा संच घेऊ नका. रेडिओमास्टर पॉकेटसारखा लहान रिमोट पहिल्याला पुरेसा आहे. मात्र त्यात १८६५० आकाराचे दोन सेल लागतात, ते वेगळे घ्यावे लागतात. रिसीव्हर घेताना दोन गोष्टी बघा. अँटेना वायरची, टी आकाराची असावी, बोर्डावरच्या छोट्या सिरॅमिक ठोकळ्याची नको. आणि रिमोट-रिसीव्हरच्या फर्मवेअरचा (आत भरलेल्या सॉफ्टवेअरचा) मुख्य आकडा सारखा असावा. एकात २ आणि दुसऱ्यात ३ असेल तर ते जोडले जात नाहीत, आणि पोरं समजतात की रिसीव्हर खराब निघाला.

रिमोट घरी आला की बाकीची खरेदी थांबवा. तो यूएसबीने कॉम्प्युटरला जोडून सिम्युलेटरवर उडवायला शिका. गेटमधून सलग फेऱ्या जमू लागल्या की मगच पुढचे पार्ट मागवा. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी ज्यांनी हे केलं, त्यांचे आर्म निम्म्यानेही मोडत नाहीत.

आकार पाच इंचीच ठेवा, म्हणजे पंख्याचा व्यास पाच इंच. सगळ्यात जास्त सुटे भाग याच आकाराचे मिळतात, एवढं एकच कारण पुरे आहे.

आता व्होल्टेज. रेसिंगला आज सहा सेलची बॅटरी, म्हणजे ६एस चालते. नवशिक्याने ४एस घ्यावी की ६एस, यावर वाद घालत बसण्यापेक्षा सोपा मार्ग आहे. मोटर ६एसची घ्या, १९०० ते १९५० केव्हीची, आणि पहिले काही महिने तिला ४एस बॅटरीवर उडवा. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. भरलेली ४एस बॅटरी १६.८ व्होल्टची, म्हणजे १९५० केव्हीची मोटर पंख्याशिवाय साधारण ३२,७०० फेरे घेईल. ६एस भरल्यावर २५.२ व्होल्ट, तेव्हा तीच मोटर ४९,००० च्या पुढे. तीच मोटर, तेच ईएससी (मोटरींचा वेग सांभाळणारं कार्ड), तोच पंखा, पण ४एसवर दोन तृतीयांश वेग. हात बसला की फक्त बॅटरी बदलायची. उलटं करता येत नाही: ४एससाठी बनलेली २५०० केव्हीची मोटर ६एसवर लावली तर मोटर किंवा ईएससी, दोघांतलं एक जळतं.

मोटरचा आकार २२०७ किंवा २३०६. पहिले दोन आकडे स्टेटरचा (मोटरच्या आतल्या न फिरणाऱ्या, वाइंडिंगच्या भागाचा) व्यास मिलिमीटरमध्ये, पुढचे दोन उंची. या दोन्हींत पहिल्या वर्षी तुम्हाला फरक जाणवणार नाही. जाणवेल तो बेल, म्हणजे मोटरची फिरणारी टोपी, कशी बसवली आहे त्याचा. शाफ्टच्या खालच्या टोकाला स्क्रू असलेली मोटर घ्या, छोटी सी-क्लिप असलेली नको. याचं कारण आपली माती. नाशिकची काळी माती बेसॉल्टची झालेली, तिच्यात लोहचुंबकाला चिकटणारे बारीक कण असतात. ड्रोन सुक्या ढेकळात पडला की हे कण बेलच्या आतल्या मॅग्नेटला चिकटतात आणि मोटर खरखरायला लागते. फुंकर मारून ते निघत नाहीत. स्क्रू असेल तर बेल काढून चिकटपट्टीने मॅग्नेटवरून टिपून घेता येतात, दहा मिनिटांचं काम. सी-क्लिप काढताना उडून गवतात गेली की संपलं.

मोटर हातात आल्यावर तपासायची पद्धत सांगते. मोटरचा खालचा तळ धरून बेल सावकाश फिरवा. मॅग्नेटचे ठराविक अंतरावर अडखळे जाणवतील, ते बरोबर आहेत. मधेच कुठे घासल्यासारखं लागलं किंवा आवाज आला तर बेअरिंग किंवा मॅग्नेट गडबडीचं. बेल वर-खाली ओढून बघा, किंचित हालचाल चालते, टकटक वाजली तर नको. मग मल्टिमीटर बझरवर ठेवा आणि तीनपैकी एका वायरला एक टोक, मोटरच्या खालच्या धातूला दुसरं टोक लावा. आवाज येता कामा नये. चारही मोटरींचं असं करा, नव्या असल्या तरी.

स्क्रूची लांबी हा विषय मी प्रत्येकाला दोनदा सांगते. मोटर एम३ च्या चार स्क्रूंनी आर्मवर बसते, भोकांचं अंतर १६ बाय १६ मिलिमीटर. आर्म ५ मिलिमीटर जाड असेल तर ८ चा स्क्रू बहुतेक वेळा ठीक बसतो. सोबत आलेल्या पिशवीत मात्र लांब-आखूड दोन्ही असतात. लांब स्क्रू आत जाऊन तांब्याच्या वाइंडिंगला टेकतो, इनॅमल खरवडतो, आणि थ्रॉटल दिल्यावर शॉर्ट. मोटर जाते आणि जाताना ईएससीचा मॉस्फेटही नेते. स्क्रू आवळल्यावर मोबाइलचा टॉर्च बाजूने मारून टोक दिसतंय का बघा, नंतर स्क्रूच्या डोक्याला आणि मोटरच्या वायरला बझर लावा. वाजला तर आखूड स्क्रू घ्या. माझ्या टेबलावर आलेल्या ‘आपोआप जळलेल्या’ मोटरींत सगळ्यात जास्त या प्रकारच्या आहेत.

ईएससी चार-एकत्र प्रकारचं घ्या, ४५ ते ५५ अँपिअरचं, ६एस लिहिलेलं. ३५ अँपिअरचं स्वस्त पडतं, पण पंखा गवतात अडकून मोटर जाम झाली की करंट एकदम चढतो आणि तिथे तुम्हाला वरची जागा हवी असते. फर्मवेअरचं म्हणाल तर बीएलहेली-३२ चं काम २०२४ मध्ये थांबलं, त्यामुळे नवं घेताना एएम३२ चं बघा. ते खुलं आहे, कुणी एकाने दुकान बंद केलं तरी चालत राहील. जुन्या बीएलहेली-एस वर ब्लूजे हे फर्मवेअर टाकूनही चांगलं काम होतं, बजेट कमी असेल तर त्यात कमीपणा नाही.

फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ड्रोनचा तोल सांभाळणारा बोर्ड, एफ४०५ किंवा एफ७२२ प्रोसेसरचा, ३०.५ बाय ३०.५ मिलिमीटर अंतराच्या भोकांचा. २० बाय २० चे छोटे बोर्ड सुबक दिसतात, पण त्यांचे सोल्डर पॅड नवख्या हाताला फार बारीक पडतात. पॅड एकदा बोर्डावरून सुटून आला की दुरुस्ती माझ्यासारखीलाही कटकटीची. विकत घेण्याआधी बीटाफ्लाइट या फर्मवेअरच्या कॉन्फिगुरेटरमध्ये (कॉम्प्युटरवरून सेटिंग करायच्या प्रोग्रॅममध्ये) त्या बोर्डाचं नाव यादीत आहे का ते शोधा. आणि कंपनीने वायरिंगचा स्पष्ट आराखडा दिलेला आहे का ते बघा. ज्या बोर्डाचा आराखडा मिळत नाही तो फुकट दिला तरी घेऊ नये.

शक्यतो ईएससी आणि फ्लाइट कंट्रोलर एकाच कंपनीचा, जोडीने मिळणारा स्टॅक घ्या. दोघांना जोडणारी आठ तारांची छोटी केबल असते. प्लग सगळ्यांचे सारखे दिसतात, आत बसतातही. पण कुठल्या पिनवर बॅटरी आणि कुठल्यावर सिग्नल हा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो. एकाचं ईएससी आणि दुसऱ्याचा कंट्रोलर जोडला आणि बॅटरीचं व्होल्टेज सिग्नलच्या पिनवर गेलं, तर कंट्रोलर एका क्षणात जातो. वेगवेगळे घेतलेच असतील तर दोन्ही आराखडे शेजारी ठेवून एकेक पिन जुळवा, गरज पडेल तिथे तार काढून दुसऱ्या खाचेत घाला, आणि कंट्रोलर जोडण्यापूर्वी केबलच्या मोकळ्या टोकावर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा.

आता माझा आवडता पार्ट: कपॅसिटर. किंमत सगळ्यात कमी, आणि त्याच्याविना बाकी सगळं धोक्यात. थ्रॉटल झटकन सोडला की मोटरी ब्रेक लावतात आणि व्होल्टेजचा टोला उलटा बॅटरीच्या तारांवर येतो. तो गिळायला बॅटरीच्या पॅडवर ‘लो ईएसआर’, म्हणजे आतला रोध कमी असलेला, कपॅसिटर लागतो. १००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट. २५ व्होल्टचा कुणी दिला तर घेऊ नका. भरलेली ६एस बॅटरीच २५.२ व्होल्टची असते. आपल्या एम. जी. रोडला किंवा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या काउंटरवर ‘हजार-पस्तीस’ मागितलात तर बहुतेक साधा, ८५ डिग्रीचा हातात पडेल. तो अॅम्प्लिफायरला ठीक. तुम्ही १०५ डिग्रीचा, लो ईएसआर असं स्पष्ट सांगा, अंगावर छापलेलं वाचा, आणि डोक्यावरची चकती सपाट आहे ना ते बोटाने बघा, फुगीर नको. पाय जितके आखूड ठेवाल तितकं त्याचं काम चांगलं. लांब तारा काढून तो फ्रेमच्या मागे लटकवला तर अर्धा उपयोग गेला. उणे बाजूचा पट्टा बघूनच सोल्डर करा, उलटा लागला तर फुटतो.

बॅटरीचा एक्सटी६० कनेक्टर अस्सल घ्या. अस्सलवर अॅमासचं नाव कोरलेलं असतं. नकलीचं प्लास्टिक सोल्डर करतानाच मऊ होतं आणि पिन तिरकी होते. अस्सललाही सोल्डर करताना समोरचा जोडीदार त्यात खुपसून ठेवा, म्हणजे पिना सरळ राहतात. तार सिलिकॉनची, १२ किंवा १४ गेज. घरात असलेल्या २५ वॅटच्या आयर्नने या तारा जोडू नका. बोर्डाचा तांब्याचा थर उष्णता ओढून घेतो, सोल्डर वर चकचकीत दिसतो आणि खाली धरलेलाच नसतो. ६० वॅटचा, तापमान लावता येणारा आयर्न, जाड टोक, फ्लक्स भरपूर. जॉइंट झाल्यावर तार ओढून बघायला लाजू नका.

फ्रेम कार्बन फायबरची, आर्म ५ मिलिमीटर जाड आणि प्रत्येक आर्म सुटा बदलता येणारा. एकसंध फ्रेम हलकी असते, पण एक कोपरा मोडला की सगळी टाकावी लागते. प्लेटची कड डोळ्याजवळ धरा. थर एकमेकांना घट्ट चिकटलेले दिसले पाहिजेत, मधे पोकळी किंवा सुटलेले धागे नकोत. कार्बन वीज वाहून नेतो, त्यामुळे उघडी तार कुठेही फ्रेमला टेकू देऊ नका, आर्मवरून जाणाऱ्या मोटरच्या तारांवर टेप गुंडाळा. अंबड-सातपूरला सीएनसी राउटरवाले पुष्कळ आहेत आणि ‘आर्म इथेच कापून घेऊ’ असं पोरांना वाटतं. कार्बनची धूळ मशिनला आणि फुप्फुसाला दोघांनाही वाईट, सगळे तयार होत नाहीत. घरी कड घासायची झाली तर पाण्यात भिजवून, मास्क लावून.

पंखे तीन पात्यांचे, पॉलिकार्बोनेटचे. कुठले घ्यायचे यात डोकं घालू नका, पण भरपूर घ्या, आणि वाकलेला पंखा सरळ करून परत लावू नका. त्याच्या थरथरीने जायरो (कंट्रोलरवरचा, ड्रोनचं वळणं मोजणारा सेन्सर) गोंधळतो, मोटरी तापतात.

व्हिडिओसाठी पहिल्या ड्रोनला अॅनालॉग पुरतं. चित्र खरखरीत, पण उशीर फार कमी आणि पडून मोडलं तरी खिसा रिकामा होत नाही. गॉगल आणि ड्रोनवरचा व्हिडिओ ट्रान्समीटर दोघांच्या अँटेना एकाच फिरकीच्या असाव्यात, दोन्ही उजव्या किंवा दोन्ही डाव्या. अँटेना न लावता ट्रान्समीटरला करंट देऊ नका, तो स्वतःच्याच उष्णतेने जातो. पॉवर २५ मिलीवॉट ठेवा. आपल्याकडे ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्‌झचा पट्टा मोकळा आहे, त्यात रेसबँडचे (रेसिंगसाठी ठरलेल्या चॅनलच्या संचाचे) तिसरा ते सहावा हे चार चॅनल बसतात: ५७३२, ५७६९, ५८०६, ५८४३. चौघं मित्र एकत्र उडवणार असाल तर हेच वाटून घ्या.

बॅटरीवर छापलेल्या सी-रेटिंगवर भरवसा ठेवू नका. १३०० एमएएचवर १०० सी लिहिलं म्हणजे १३० अँपिअर सलग देणार असा दावा झाला, तो तपासायला घरी साधन नसतं. वजनकाटा मात्र असतो. दोन कंपन्यांच्या सारख्या क्षमतेच्या बॅटरी तोला. एक खूपच हलकी निघाली तर आत माल कमी आहे. चार्जर बॅलन्स करणारा हवा, आणि १५०० एमएएचच्या बॅटरीला १.५ अँपिअर एवढाच दर ठेवा. सेल ३.५ व्होल्टवर आला की उतरा, ठेवून देताना ३.८ वर ठेवा. निफाडकडे जानेवारीत सकाळी उडवायला जात असाल तर बॅटरी जॅकेटच्या आत ठेवून न्या, गार सेल थ्रॉटल देताच खाली बसतो. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत मात्र अजिबात नको. फुगलेली बॅटरी दाबून, टेप लावून वापरायची नसते, ती संपली.

जोडणी झाली की पंखे न लावता पहिला करंट द्या, आणि तोही थेट नाही. बॅटरीच्या लाल तारेच्या वाटेत मोटारीचा बल्ब लावायचा. ४एसला १२ व्होल्ट २१ वॅटचा, ६एसला ट्रकचा २४ व्होल्टचा, ऑटो इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो. बल्ब क्षणभर चमकून विझला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बल्ब पेटतोय म्हणून तुमचं कार्ड वाचलं. मग बीटाफ्लाइटमध्ये चारही मोटरींचा क्रम आणि फिरण्याची दिशा तपासा. आणि रिमोट बंद करून बघा: मोटरी लगेच थांबल्या पाहिजेत. हे न झालेला ड्रोन घराबाहेर काढू नका.

कुठे उडवायचं हे नाशकात आधी बघावं लागतं. देवळालीचा तोफखाना, गांधीनगरचा लष्करी हवाई तळ, नाशिकरोडचं नोट प्रेस, ओझरचं विमानतळ, एवढं सगळं आपल्या एका शहराभोवती आहे. डिजिटल स्काय पोर्टलच्या नकाशावर जागा हिरव्या झोनमध्ये आहे याची खात्री करूनच निघा. बॅटरीसकट पाच इंची ड्रोन २५० ग्रॅमच्या पुढे जातो, त्यामुळे २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे तो मायक्रो वर्गात येतो. नोंदणीचे नियमही वाचून घ्या. गॉगल लावल्यावर शेजारी उघड्या डोळ्यांनी ड्रोनकडे बघणारा एक माणूस हवाच. आणि द्राक्षबागेच्या कडेला नको. मांडवाच्या तारा कॅमेऱ्यात दिसत नाहीत, आणि त्या तारांवर कुणाचं तरी वर्षाचं पीक लटकलेलं असतं.

ऑर्डर देताना त्याच खोक्यात हेही मागवा: दोन सुटे आर्म, एक जादा मोटर, पंख्यांचे नट, दोन कपॅसिटर, एक्सटी६० ची जोडी, एम३ चे दोन लांबींचे स्क्रू, रिसीव्हरची अँटेना. पार्सल आल्यावर उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि मोटरींची मल्टिमीटरची तपासणी त्याच दिवशी उरका. वायरला सोल्डर लागला की दुकानदार मोटर परत घेत नाही.